‘टाइद’ हा शब्द आला कुठून? भाच्याच्या घराचे कागद वाचताना अडलो

जुना पटवारी

राजेहो, नमस्कार. पटवारकीत उभा जन्म गेला माझा. कागदावर पद तलाठ्याचं, पण काटोल-नरखेडकडची म्हातारी माणसं शेवटपर्यंत पटवारीच म्हणत आली, म्हणून इथंही तेच नाव घेतलं. निवृत्तीनंतर नागपुरात मुलाकडे असतो. सवय एकच राहिली आहे. जमिनीचा कागद दिसला की चष्मा नाकावर चढतो.

भाच्यानं इंग्लंडात डेव्हन परगण्यात घर घेतलं. मागं सफरचंदाची छोटी बाग. हौशी पोरगं, त्यानं तिथल्या अभिलेखागारातून गावाचा १८४१ चा नकाशा आणि सोबतचा तक्ता काढला आणि फोटो मला धाडले. म्हणे, मामा, हे तुमच्या कामाचं आहे.

तक्ता मोठा करून पाहिला आणि हसूच आलं. सातबाराच की हो! पहिल्या रकान्यात मालक, दुसऱ्यात भोगवटादार, मग नकाशावरचा नंबर, वावराचं नाव, त्यात काय आहे (नांगरट, कुरण की बाग), क्षेत्र, आणि शेवटी रक्कम. वावराचं नाव! आपल्याकडे ‘विहिरीवालं’, ‘बरडीचं’, ‘वडाखालचं’ असं सारं गाव म्हणतं, पण माझ्या दप्तरात या नावांना रकाना नव्हता. त्यांनी छापील रकाना ठेवला. खरं सांगतो, हेवा वाटला.

क्षेत्र एकर, रूड, पर्चमध्ये. ४ रूडांचा एकर, ४० पर्चचा रूड. म्हणजे एकराचे १६० पर्च आणि आपला एक गुंठा बरोबर ४ पर्चचा. बाग ३ रूड १२ पर्च, म्हणजे ३३ गुंठे भरली. लगेच फोन लावला. तो म्हणाला, मामा, माझ्या ताब्यात तर याच्या निम्मीही नाही! (मधल्या पावणेदोनशे वर्षांत उरलेली शेजाऱ्याकडे गेली. म्हणजे तिथंही आपल्यासारखंच.)

आता अडलो ते सांगतो. या नकाशाला ‘टाइद’चा नकाशा म्हणतात. टाइद म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, एवढं शब्दकोशात सापडलं. पण बागेपुढे ४ शिलिंग ३ पेन्स लिहिलेत. सफरचंदं किती लागतील हे झाडाला ठाऊक नाही, तर त्यांचा दहावा भाग पेन्सात आधीच कसा ठरला? शिवाय दहाला इंग्रजीत टेन, दहाव्याला टेन्थ. मग टाइद कुठून आलं, त्यातला ‘न’ कुणी खाल्ला? तिसरं असं, की जुन्या कागदांत गावाच्या एका तुकड्याला ‘टाइदिंग’ म्हटलं आहे. तो हाच शब्द की दुसराच?

आमच्या गल्लीतले एक गृहस्थ छातीठोक सांगतात की टाइद म्हणजे आपली तिथीच, ठरल्या तिथीला भरायचं म्हणून. मला पटलं नाही. पण खोडताही आलं नाही.

खोडकर संत्रं

गल्लीतले काका बरोबर आहेत. सगळं आपल्याकडूनच गेलंय. 😄

पंतोजी

तिथी सोडून द्या. रोमन लिपीत लिहिल्यावर दोन्ही शब्द जुळे दिसतात, तेवढंच त्यांचं नातं. पण काकांना अगदीच हिरमुसलं करू नका, कारण ‘टाइद’ आपला नातेवाईक आहेच. फक्त तिथीकडून नव्हे, दहाकडून.

जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘टेओगोथा’, पुढे घासून ‘टेओथा’ असा होता. अर्थ सरळ ‘दहावा’. चर्च नाही, कर नाही, काही नाही. जसं आपण दहावा मैल, दहावा माणूस म्हणू, तसं.

आता ‘न’ची गोष्ट. इंग्रजीच्या पूर्वजभाषेत ‘थ’, ‘स’, ‘फ’च्या अगोदर आलेला अनुनासिक गळायचा आणि आधीचा स्वर बहुधा लांब व्हायचा. जर्मनमध्ये ‘गान्स’, इंग्रजीत ‘गूस’. (हाच आपला हंस, बरं का.) दाताच्या शब्दातही तेच, ‘टूथ’मधला ‘न’ गेला. हे वाचून नवल वाटलं तर आरशात पाहा. संस्कृत ‘दन्त’चं मराठीत ‘दात’ झालं, ‘पञ्च’चं ‘पाच’. अनुनासिक गेला आणि भरपाई म्हणून ‘अ’चा ‘आ’ झाला. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, एकच खोडी करून बसल्या. मी वर्गात हे फळ्यावर लिहायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जिभेनं दात चाचपून पाहायची.

तर ‘टेओथा’त ‘न’ उरला नाही. पुढे लोकांना ‘टेन’ आणि त्याचा ‘दहावा’ यांत मेळ दिसेना, म्हणून त्यांनी ‘टेन’ला नव्यानं ‘थ’ जोडून ‘टेन्थ’ घडवला. नवा शब्द रोजच्या मोजणीत आला आणि जुना चर्चच्या कोठारात जाऊन बसला. दोघे सख्खे भाऊ, एकानं दुकान घेतलं, दुसऱ्यानं देऊळ.

स्कॉटलंडात मात्र ‘न’ जगला. तिथला शब्द ‘टीन्ड’. जर्मनमध्ये ‘त्सेन्ट’, जुन्या नॉर्समध्ये ‘टीउंद’.

आणखी एक गंमत राहवत नाही म्हणून सांगतो. मूळ धातूतला ‘क’ संस्कृतात ‘श’ झाला, म्हणून दश. त्या ‘श’चा प्राकृतात ‘ह’ झाला, म्हणून आपलं दहा. तिकडे जर्मानिक भाषांत त्याच ‘क’चा थेट ‘ह’ झाला, म्हणून गॉथिकमध्ये ‘तेहुन’. दहा आणि तेहुन. दोघे वेगवेगळ्या वाटांनी ‘ह’पाशी येऊन भेटले.

जुना पटवारी

सर, दंडवत. दातांची गोष्ट नातवाला ऐकवली, तो आता प्रत्येक शब्दातला ‘न’ शोधत फिरतोय.

एक शंका मनात आली. आमच्या फार जुन्या दप्तरात एकरापुढे डिसमिल लिहिलेलं असायचं, एकराचा शंभरावा भाग. तेही याच घरातलं का?

पंतोजी

त्याच वाड्यातलं, पण लॅटिनच्या ओसरीवरचं. लॅटिनमध्ये दहा म्हणजे ‘डेकेम’, दहावा भाग ‘डेकिमा’. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘डेकिमालिस’ हे विशेषण चर्चच्या दशांशासंबंधीच्या गोष्टींना लागायचं. गणितातलं दशांश-चिन्ह वगैरे सगळं पुढचं. तेव्हा तुम्ही डिसमिल लिहीत होतात तेव्हा नकळत पाद्र्याच्या वहीतला शब्द लिहीत होतात. फ्रेंचांनी त्या ‘डेकिमा’चा ‘दीम’ केला, आणि अमेरिकेनं १७९२ साली नाणी ठरवली तेव्हा डॉलरच्या दहाव्या भागाला त्यावरूनच ‘डाइम’ नाव दिलं.

सदरवाली

काकाजी, मी सदरला लहानाची मोठी झाले, आमचं घर ख्रिस्ती. आमच्यासाठी हा शब्द पुस्तकातला नाही, पाकिटातला आहे. मराठी उपासनेत ‘दशमांश’ म्हणतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी आई पाकीट भरायची आणि बाबा दर महिन्याला तोच प्रश्न विचारायचे, ‘हातात येणाऱ्या पगारावर की कापण्याआधीच्या?’ आई उत्तर द्यायची नाही. आजीचा हिशेब सोपा होता. रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात. दहावा भाग वगैरे काही नाही, मूठ म्हणजे मूठ. आज हे सगळं मनानं द्यायचं असतं, कुणी जप्ती आणत नाही. इंग्लंडात आणायचे. क्वेकर पंथाचे लोक ‘आम्ही तुमच्या चर्चला मानत नाही, तर देऊ का?’ म्हणून अडून बसत आणि त्यांची भांडीकुंडी, गुरं उचलून नेत.

पंतोजी सरांनी ‘टीन्ड’ म्हटलं त्यावरून आठवलं. आपल्या हिस्लॉप कॉलेजचे हिस्लॉप स्कॉटिश. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते ‘फ्री चर्च’कडून. हे फ्री चर्च निघालं दोनच वर्षं आधी, १८४३ मध्ये. गावाचा पाद्री नेमायचा कुणी, जमीनदारानं की मंडळीनं, यावर भांडण पेटलं आणि साडेचारशेच्या वर पाद्री सरकारमान्य चर्चमधून उठून बाहेर पडले. बाहेर पडले म्हणजे घर सोडलं आणि पगारही सोडला, आणि तो पगार यायचा टीन्डमधून! म्हणजे नागपूरला शिकवायला आलेला माणूस ज्या मंडळींनी पाठवला, त्यांनी नुकतंच या दहाव्या भागावर पाणी सोडलं होतं. लोकांच्या ऐच्छिक वर्गणीवर त्यांचं चाललं. मी त्या कॉलेजात तीन वर्षं काढली, पण हे मला तिथं कुणी सांगितलं नाही. हिस्लॉपना दगडांचा नाद होता, जीवाश्म गोळा करायचे, १८६३ साली टाकळघाटाकडून परतताना नाल्याच्या पुरात गेले, एवढंच ऐकलं होतं.

आणि हो, हा टीन्डसुद्धा नावालाच दहावा. १६३३ पासून स्कॉटलंडात जमिनीच्या खंडाचा पाचवा भाग म्हणजे टीन्ड, असा हिशेब धरत.

काळा कोट

पटवारी साहेब, ४ शिलिंग ३ पेन्सांचं कोडं माझ्याकडून घ्या. वकिली सिव्हिलची आहे, जुने कायदे वाचायचा आजार आहे.

आधी दहावा भाग वस्तूतच घ्यायचे. गव्हाच्या पेंढ्या बांधल्या की शेतकऱ्यानं दर दहाव्या पेंढीत हिरवी डहाळी खोचून ठेवायची, पाद्र्याची गाडी येऊन तेवढ्या उचलून नेणार. तोवर बाकीचं पीक हलवायचं नाही. पाऊस आला तर दोघांचं भिजणार. दूध, लोकर, अंडी, मध, डुकराची पिल्लं, सगळ्यावर दहावा. कोकरं सातच झाली तर? बऱ्याच गावांत रिवाज असा की पाद्री एक घेणार आणि दहाला कमी पडलेल्या तिघांबद्दल थोडे पेन्स परत देणार. डर्बीच्या कारखान्यात अठराव्या शतकात यावर चिनी मातीच्या बाहुल्या बनायच्या. पाद्री दहावं डुक्कर मागतोय आणि शेतकरीण आपलं दहावं मूल त्याच्यापुढे धरतेय, हे नेत असाल तर तेही न्या! दिवाणखान्यात मांडायच्या त्या बाहुल्या.

पुन्हा यात वाटण्या. धान्य, गवत, लाकूड हा ‘मोठा’ टाइद, तो गावच्या मुख्य पाद्र्याचा, म्हणजे रेक्टरचा. उरलेलं चिल्लर, कोंबड्या-सफरचंदं, ‘छोटा’ टाइद, तो त्याच्या जागी काम करणाऱ्या व्हिकरचा. आपल्या भाषेत वतनदार आणि त्याचा गुमास्ता म्हणा. आठव्या हेन्रीनं १५३० च्या दशकात मठ मोडले तेव्हा मठांकडचे मोठे टाइद सरदार-सावकारांनी विकत घेतले. त्यानंतर धर्माचा दहावा भाग अशा माणसाच्या खिशात जायचा, ज्याचा धर्माशी काडीचा संबंध नाही. वतनासारखा तो विकला जायचा, गहाण पडायचा, वारसांत वाटला जायचा.

आयर्लंडात तर कहर. तिथली कॅथलिक शेतकरी मंडळी प्रोटेस्टंट चर्चला दहावा भाग देत होती. १८३१ पासून त्यांनी देणं बंद केलं, गोळीबार झाले, माणसं मेली. त्या लढ्याला ‘टाइदचं युद्ध’ असंच नाव पडलं.

तेव्हा १८३६ मध्ये इंग्लंड-वेल्ससाठी कायदा झाला. पेंढी बंद, पैसा सुरू. गावाचा एकूण टाइद किती ते आधी ठरवायचं, मग तो वावरावावरावर वाटायचा. त्यासाठी नकाशा आणि तक्ता लागला, तोच तुमच्या हातात आहे. पण लिहिलेली रक्कम ही कायमची नव्हे, ती पायाची रक्कम. त्या रकमेचे तीन सारखे भाग करून, कायद्याच्या वेळच्या भावानं त्यात गहू, जव आणि ओट किती येतील ते धरायचं. मग मागच्या सात वर्षांच्या सरासरी भावानं त्या धान्याची दरवर्षी जी किंमत होईल ती भरायची. तुमच्या भाच्याच्या बागेत सफरचंदं लागोत न लागोत, त्याचा टाइद गव्हाच्या भावावर हलणार.

त्या वेळी नेमलेल्या तीन आयुक्तांपैकी एक होते रिचर्ड जोन्स. हे गृहस्थ त्याच काळात हेलीबरीला, ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात, माल्थसच्या जागेवर अर्थशास्त्र शिकवत होते. म्हणजे हिंदुस्थानात महसूल गोळा करायला निघालेली पोरं ज्या मास्तरांपुढे बसत, ते मास्तर इंग्लंडच्या वावरांचा दहावा भाग ठरवत होते. तुम्हाला तो तक्ता सातबाऱ्यासारखा दिसला, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

टाइदिंगचं थोडक्यात. तोही हाच शब्द, पण पैशाशी संबंध नाही. दहा घरांचा किंवा दहा पुरुषांचा गट, एकानं गुन्हा केला तर उरलेल्या नऊ जणांनी त्याला हजर करायचं, नाही तर दंड साऱ्यांना. पुढे दक्षिण-पश्चिम इंग्लंडात गावाच्या तुकड्यालाच टाइदिंग म्हणू लागले. डेव्हन तिकडेच.

महालकर

दहावा भाग म्हटल्यावर सगळे इंग्लंडला धावलात, नागपूरच्या आमच्या महाल भागात कुणी आलंच नाही! अहो, सरदेशमुखी म्हणजे काय होतं? शेकडा १०. चौथाईचे २५ वेगळे आणि त्याच्यावर सरदेशमुखीचे १०. शिवाजी महाराजांनी दख्खनचं सरदेशमुखीपण वतन म्हणून सांगितलं, आणि १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले.

पण भाग म्हणायचा एक आणि घ्यायचा एक, हे आमच्या भोसल्यांनाही ठाऊक होतं. रघूजी भोसल्यांनी बंगालवर दहा वर्षं स्वाऱ्या केल्या. १७५१ मध्ये अलिवर्दीखानाशी तह झाला तो बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला १२ लाख रुपयांवर. चौथाई कशाची, किती पिकलं, कुणी मोजलं, कुणी विचारत बसलं नाही. ठोक आकडा. तुमच्या ४ शिलिंग ३ पेन्सांचाच हा थोरला भाऊ.

आणि पोटवाटण्यांचं म्हणाल तर वकील साहेबांचे रेक्टर-व्हिकर आमच्यापुढे शाळकरी. चौथाईतले शेकडा ६ ‘साहोत्रा’, शेकडा ३ ‘नाडगौंडा’, पाव हिस्सा ‘बाबती’ राजाची, उरला तो ‘मोकासा’ सरदारांचा. एका गावात चार जणांचे चार कारकून चार वह्या घेऊन फिरत. फरक इतकाच, की चर्चचा दहावा देवाच्या नावानं आणि सरदेशमुखी वतनाच्या नावानं. कुणब्याला दोन्हीत रास तेवढीच हलकी झालेली दिसली असणार.

खोडकर संत्रं

म्हणजे सगळं आपल्याकडूनच गेलंय हे मी बोललो ते अर्धं खरं. 😄

(बरं, आमच्या अब्बांचं एक जोडतो. मुसलमानात ‘उश्र’ आहे, तोही अरबीत दहावाच. पण पावसावर आलेल्या पिकाचा दहावा, आणि मोट-पंप लावून स्वतः पाणी दिलं असेल तर विसावा. आमची संत्र्याची बाग विहिरीवरची, म्हणून आमचा विसावा निघतो. अब्बा म्हणतात, घाम गाळला त्याला सूट.)

जुना पटवारी

खोडकर बाबू, एवढ्या वेळात कामाचं बोललास, आणि सगळ्यात कामाचं बोललास. जिरायत-बागायत वेगळी धरणारा दशांश या साऱ्या धाग्यात तुझ्या अब्बांचाच निघाला.

वकील साहेब, कोडं सुटलं. सफरचंदावर गव्हाचा भाव हे ऐकून मी एकटाच हसलो, बायको म्हणाली काय झालं. तिला काय सांगू? पैसेवारीत जन्म गेला माझा. पूर्वी आणेवारी, रुपयात सोळा आणे पीक म्हणजे भरपूर. नंतर पैसे आले. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई, सूट-सवलत. वर एक पैसा गेला की काही नाही. आता हा आकडा येतो कुठून? कापणी प्रयोगातून. आकड्यांच्या तक्त्यावरून वावर निघतं, त्यात दोरी धरून चौकोन आखायचा, तेवढंच कापायचं, तेवढंच तोलायचं, आणि त्यावरून साऱ्या मंडळाचं पीक ठरणार.

एका वर्षी ज्वारीचा प्रयोग होता. म्हातारा शेतकरी माझ्या मागंमागं. ‘पटवारी साहेब, दोरी जराशी तिकडं घ्या ना, तिकडं पाण्यानं मेली आहे.’ मी म्हटलं, काकाजी, खुंटी नियमानं जिथं पडली तिथंच ठोकणार. त्यानं नजर खाली घातली. संध्याकाळी आकडा पाठवला, तर वरून फोन, ‘इतका कमी कसा? पुन्हा पाहा.’ सकाळी म्हाताऱ्याला जे सांगितलं तेच वर सांगितलं. दोघेही माझ्यावर नाराज. ती ज्वारी कुणाच्याच मनासारखी तोलली गेली नाही. त्या दहाव्या पेंढीत डहाळी खोचणाऱ्या माणसाचं मला म्हणूनच जवळचं वाटलं. दहावी पेंढी कुठून मोजायची, बांधाकडून की मधून? बांधाकडची नेहमी बारीक असते.

भाच्याला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, मामा, मग हे ४ शिलिंग मला अजून भरावे लागतात का? घाबरलाच होता.

काळा कोट

नाही, नाही, झोपू द्या त्याला. १९३० च्या दशकात तिथल्या शेतकऱ्यांनी पुन्हा गोंधळ केला, धान्याचे भाव पडले होते आणि जप्तीवाले गुरं न्यायला येत होते. १९३६ च्या कायद्यानं तो आकार बंद करून साठ वर्षांचा हप्ता बांधला, म्हणजे १९९६ पर्यंत. पण वसुलीचा खर्च झेपेना, म्हणून १९७७ मध्येच तोही संपवला. भाचेबुवा मोकळे.

जुना पटवारी

निरोप पोचवला. गल्लीच्या टोकाला दगडी कोठार आहे, पाद्र्याच्या पेंढ्या ठेवायचं, त्याचा फोटो त्यानं आत्ताच धाडला. छप्पर इतकं उंच की आत दोन बैलगाड्या आमनेसामने वळतील. तिथं आता लग्नं लागतात म्हणे. एका दिवसाचं भाडं सांगितलं त्यानं, मी रुपयात करून पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

सदरवाली बाई, एक विचारायचं राहिलं. आजीचा तो तांदळाचा डबा अजून घरात आहे का?

सदरवाली

आहे काकाजी. पितळेचा. त्यात आता बटणं असतात.